खाडीकाठचा गळ आणि शेजारधर्म

रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा, अंबा, कुंडलिका आणि सावित्री या नद्या सह्याद्रीतून उतरून समुद्रास मिळेपर्यंत फार मोठा प्रवास करीत नाहीत. परंतु त्या अल्प प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात, म्हणजे धरमतर, रेवदंडा आणि बाणकोट या खाड्यांच्या रूपाने, त्यांचे पाणी सुमारे सहा-सहा तासांनी आपली दिशा पालटते. या काठांवर पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका करणारे कोळी, आगरी आणि कातकरी यांच्या शेजारी अलीकडे आणखी एक वर्ग येऊन बसू लागला आहे. शनिवारी सायंकाळी मुंबई-पुण्याहून निघावे, रविवारची पहाट मांडव्याच्या, रेवसच्या किंवा साळाव पुलाच्या आसपास गळ टाकण्यात घालवावी आणि काही गवसले तर उत्तम, नाही तर वारा खाऊन परतावे, असा या हौशी मंडळींचा परिपाठ असतो. या छंदाविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र पाण्यावर कोणाचे नाव कोरलेले नसते एवढ्या एकाच भरवशावर जो कोणी कोठेही काठी रोवतो, त्याच्यामुळे काठावर जे कज्जे उद्‌भवतात ते टाळण्यासारखे आहेत, आणि ते कसे टाळावेत याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम हक्काचा प्रश्न निकालात काढू. समुद्रात मासे धरण्याचा हक्क सर्वसामान्य जनतेचा आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातच, बाबन मायाचा विरुद्ध नागू श्रावूचा या नावाने कायद्याच्या ग्रंथांतून उल्लेखिल्या जाणाऱ्या दाव्यात सांगून ठेवले आहे. तो वाद मच्छीमारांनी रोवलेल्या खुंटांचा आणि त्यांवर बांधलेल्या जाळ्यांचा होता. पण त्याच निकालात न्यायालयाने पुढे असेही म्हटले, की हा हक्क सामाईक असल्यामुळेच तो प्रत्येकाने वाजवी रीतीने, दुसऱ्यास त्याच हक्काचा उपभोग घेण्यास आडकाठी होणार नाही अशा बेताने बजावला पाहिजे, आणि स्थानिक वहिवाटीने त्याचे नियमन होऊ शकते. ‘पाणी सरकारचे आहे, मी कोठेही बसेन’ असे ताठ्याने म्हणणारा गृहस्थ या निकालाचे पहिले अर्धेच तेवढे वाचतो.

आता ही वाजवी रीत म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी खाडीचा स्वभाव ध्यानी घेतला पाहिजे. तलावाच्या काठी बसणाऱ्याला जागेचे मोल असते आणि ती जागा दिवसभर जवळजवळ तशीच राहते. खाडीत जागेला स्वतःचे असे मोल फारसे नाही. मोल असते ते त्या जागेवरून पाणी ज्या घटकेला योग्य वेगाने वाहते त्या घटकेला. खारबंदिस्तीच्या उघाडीतून, म्हणजे बांधातील दारातून, सुकतीचे (ओहोटीचे) पाणी बाहेर पडू लागले म्हणजे त्याच्याबरोबर कोलंबी, बोय यांची बारीक पिले वाहत येतात, आणि त्यांच्यासाठी जिताडा मासा उघाडीच्या तोंडाशी, पुलाच्या खांबाच्या आडोशाला अगर तिवरांच्या मुळांजवळ दबा धरून राहतो. हा योग तास-दीड तास टिकतो, मग पाणी उतरते आणि तीच जागा निव्वळ चिखल होते. म्हणून खाडीकाठी जो दुसऱ्याची जागा बळकावतो तो खरे तर त्याची भरती किंवा त्याची सुकती बळकावतो, आणि ती त्याला दिवस उलटल्याखेरीज परत देता येत नाही. बहुतेक सारे शिष्टाचार या एका गोष्टीतून निघतात.

यासाठी हौशी माणसाने घरून निघण्यापूर्वीच पंचांग पाहावे. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले असता जी संख्या येते तितके वाजता भरती पूर्ण होते, हा कोकणातील जुना आडाखा आजही बराचसा बरोबर येतो: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. खाडीच्या मुखापासून जितके आत जावे तितका त्यास उशीर होतो, त्यामुळे रेवदंड्याची वेळ रोह्याकडे चालत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणात पाण्याला ओढ अधिक, तर भांगात पाणी सुस्त. हे गणित ज्याला ठाऊक आहे तो ऐन सुकतीला धापा टाकीत येऊन, आधीपासून पाण्याची वाट पाहत बसलेल्या दोघांच्या मध्ये घुसत नाही. तो तासभर आधी येतो, काठ पाहतो आणि विचारतो.

हे विचारणे फार महत्त्वाचे आहे आणि त्याची पद्धत साधी आहे. काठावर कोणी वयस्क माणूस बसलेला असेल तर ‘काका’ किंवा ‘मामा’ म्हणावे, होडीचा मालक असेल तर ‘नाखवा’ म्हटलेले त्याला आवडते, आणि प्रश्न ‘इथे मासे मिळतात का?’ असा न करता ‘सुकतीला इथे कोणी बसतं का?’ असा करावा. पहिल्या प्रश्नात त्याच्या अनुभवाची फुकट चौकशी आहे. दुसऱ्यात त्याच्या वहिवाटीची दखल आहे. पुष्कळदा उत्तर ‘बसा की, कोण नाय’ असेच मिळते. क्वचित ‘आमचा पोरगा येतो’ असे मिळाले तर वाद न घालता पुढे सरकावे. तो पोरगा न आला तरी आपले फार बिघडत नाही. या जिल्ह्यातील महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी सार्वजनिक पाण्यावरील माणसाच्या समान हक्कासाठी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. त्याच जिल्ह्यात, महागडी काठी आणि परदेशी चकरी जवळ असलेल्या कोणा इसमाने अंगावर फाटका सदरा असलेल्या कातकरी पोराला ‘ए, तिकडे सरक’ म्हणून उठवावे, याइतकी लाजिरवाणी गोष्ट काठावर दुसरी नाही. हे घडते, आणि सभ्य म्हणवणाऱ्यांच्या हातून घडते.

दोन गळांमधील अंतर किती असावे याचा एकच आकडा सांगता येणार नाही, कारण ते पाण्याच्या वेगावर अवलंबून आहे. पाणी संथ असेल तेव्हा पाच-सात वाव पुरतात. उधाणाच्या सुकतीला शिसे कितीही जड घेतले तरी तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनी दोर, वाहवत खालच्या अंगाला जाते, म्हणून वरच्या अंगाला बसणाऱ्याने अधिक अंतर राखणे ही त्याची जबाबदारी आहे, खालच्याची नव्हे. गुंता झालाच तर दोष कोणाचा याची चौकशी करीत बसण्याऐवजी दोघांनी मिळून दोर सोडवावा, आणि काही तोडणे भाग पडले तर नंतर येऊन बसलेल्याने स्वतःचे तंगूस तोडावे. शेजाऱ्याच्या गळाला मोठा मासा लागला की बाकीच्यांनी आपापले दोर लगेच गुंडाळून घ्यावेत, मग आपल्याकडे ओढ जाणवत असो की नसो. जिताडा किंवा तांबोशी खांबाभोवती एक फेरा घालील तर सर्वांचाच दोर जायचा. अशा वेळी मदतीच्या उत्साहात दुसऱ्याचा ताणलेला दोर हाताने धरणे हा अपराध समजावा. त्याने ‘जाळी धर’ म्हटले तरच धरावी, आणि ती पाण्यात स्थिर ठेवावी. मासा तिच्यावर आणणे हे काठीवाल्याचे काम आहे. मासा सुटला तर ‘मी असतो तर’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य गिळून टाकावे.

मांडव्यासारख्या धक्क्यावर गोष्ट आणखी वेगळी असते, कारण तेथे उतारूंची ये-जा आहे आणि लाँचचे येणे-जाणे हाच त्या धक्क्याचा मुख्य कारभार आहे. मागे न पाहता काठी उगारणे, लाँच लागत असताना दोर पाण्यात राहू देणे, आमिषाच्या कोलंबीचे तुकडे पायऱ्यांवर सांडणे, या तिन्ही गोष्टींमुळे अनेक धक्क्यांवर गळवाल्यांविषयी कायमची नाराजी झालेली दिसते. रात्री डोक्याला बांधलेला दिवा पाण्यावर रोखणे आणि मोठ्याने गाणी लावणे हेही तसेच. अंधारात बसलेला माणूस काहीच करीत नाही असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो बोटावर टेकलेल्या दोरातून पाण्याचे बोलणे ऐकत असतो.

हौशी मंडळींत आपसांत हे नियम बहुधा पाळले जातात. उपजीविकेसाठी पाण्यावर आलेल्यांच्या बाबतीत मात्र ते सहज विसरले जातात, म्हणून तेथे थोडे अधिक थांबले पाहिजे. खाडीच्या प्रवाहात रोवलेले खुंट आणि त्यांना बांधलेली बोक्षी किंवा डोल जाळी ही कोणाची तरी मांडणी असते. ती वर्षानुवर्षे त्याच जागी असते, आणि तिच्या जागेवरून गावागावांत तंटे झाल्याचीही उदाहरणे या किनाऱ्यावर आहेत. जाळ्याभोवती मासे जमतात हे खरे, पण म्हणून खुंटाला खेटून गळ टाकणे म्हणजे जाळ्यात आकडा अडकवून ते फाडण्याची तयारी करणे होय. जाळे उचलायला होडी आली की आपला दोर आपण होऊन आत घ्यावा. नाखव्याने हाक मारण्याची वाट पाहू नये. पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, फेकणारा काठाकाठाने येत असेल तर त्याला आपल्यासमोरून जाऊ द्यावे. त्याच्या एका पागाने आपली जागा तासभर बिघडेल हे कबूल. पण तो त्या पागावर संध्याकाळचे कालवण चालवतो आणि आपण घरून डबा आणलेला असतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात तिसऱ्या आणि कालवे वेचणाऱ्या बायांच्या डोक्यावरून गळ फेकू नये, त्यांची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि आपण तोडून टाकलेले तंगूस व गंजके गळ त्याच चिखलात राहतात व त्याच बाया तेथे अनवाणी उतरतात, हे एकदा डोळ्यांपुढे आणावे. तंगूस कुजत नाही. तुटलेला प्रत्येक तुकडा खिशात घालून परत नेणे ही या छंदाची पहिली अट मानावी असे मला वाटते.

काठाविषयीही सांगितले पाहिजे. पेण आणि अलिबाग तालुक्यांच्या खारेपाटात समुद्राच्या पाण्यापासून भातशेती वाचवण्यासाठी घातलेले मातीचे बांध हेच मासे गरवणाऱ्यांचे आवडते आसन असते. त्या बांधांची राखण करणे शेतकऱ्यांच्या जिवावर येते. त्यांच्यासाठी १९४८ साली मुंबई इलाख्यात खारजमिनींचा स्वतंत्र कायदा करावा लागला आणि १९७९ साली महाराष्ट्राने नवा केला, एवढी ती बाब गंभीर आहे. अशा बांधाच्या कुशीत आमिषाची गांडुळे काढण्यासाठी खणू नये. खेकड्याच्या बिळाएवढ्या भोकातून उधाणाचे पाणी वाट करते, एका रात्रीत खांड पडते आणि खारे पाणी चढलेल्या शेताला पूर्वपदावर येण्यास पुढचे पावसाळे मोजावे लागतात. उघाडीची दारे कोणत्याही कारणाने हलवू नयेत. आणि घरालगतच्या तळ्यांकडे तर काठी वळवूच नये, कारण खारेपाटात अशा तळ्यांत जिताडा पोसण्याची जुनी चाल आहे. कचेरीतील रखडलेले काम मार्गी लागावे म्हणून साहेबांच्या बंगल्यावर तळ्यातला जिताडा पोचता करण्याचा शिरस्ता होता, असे या भागात अजूनही हसत हसत सांगतात. तेव्हा आपण ज्याला मासा समजतो तो कोणाच्या घरचा राखीव दस्तऐवज असू शकतो.

खाडी सोडून वर गोड्या पाण्यात गेले म्हणजे रीत बदलते. कोलाडजवळ कुंडलिकेत सकाळी जे पाणी उसळते ते पावसाचे नसते. भिरा येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून वीज करून सोडलेले पाणी डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून खाली येते आणि त्यावर तराफ्यांची सफर चालते. या वेळेत पात्रातील खडकांवर बसणे धोक्याचे आहे, आणि ज्याला हे माहीत आहे त्याने न माहीत असलेल्यास, ओळखदेख असो वा नसो, उठवून काठावर आणणे हे कर्तव्य आहे. तराफे जाईपर्यंत दोर बाहेर ठेवावा. ते गेल्यावर पाणी निवळते आणि दुपार आपलीच असते. वाहत्या नदीत बसून न राहता चालत चालत गळ फेकणाऱ्यांसाठी स्कॉटलंडमधील सामन माशांच्या नद्यांवरचा रिवाज अनुकरणीय आहे: डोहाच्या वरच्या टोकाला सुरुवात करायची, प्रत्येक फेकीनंतर एखाद-दोन पावले खाली सरकायचे, आणि नंतर आलेल्याने पुढे न घुसता पहिल्याच्या मागून, वरून सुरुवात करायची. त्यामुळे सर्वांना सर्व डोह मिळतो. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदाचे, म्हणजे गळाने मासे धरण्याच्या राजविलासाचे प्रकरण आहे, आणि त्यात माशांच्या जातींचा व त्यांना द्यावयाच्या आमिषांचा विचार केलेला आहे. राजाला शेजारधर्माची अडचण बहुधा पडत नसावी. त्याच्या पाण्यात दुसरा गळ टाकण्याची प्राज्ञा कोणाची?

महाडच्या बाजूला आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काळ नदीवरील वाळणकोंड या डोहातील मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. लोक त्यांना खाऊ घालतात, धरीत नाहीत. श्रद्धा असो वा नसो, त्या डोहावर काठी उघडू नये, आणि केवळ पाहण्यासाठी गेलो तरी ती गाडीतच ठेवावी. दुसरी गोष्ट, सावित्रीत मगरी आहेत. मासा काठावर चिरून त्याची आतडी पाण्यात टाकणारा माणूस स्वतः संध्याकाळी घरी जातो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घाटावर कपडे धुवायला गावातील बाया येतात. येथे मासा घरी नेऊनच साफ करावा.

माशाशीही काही शिष्टाचार आहे. जिताडा प्रथम नर म्हणून वयात येतो आणि पुढे काही वर्षांनी त्याची मादी होते, त्यामुळे थोराड जिताडा ही बहुधा अंडी घालणारी मादी असते, आणि तिचा विणीचा काळ पावसाळ्याच्या आसपास खाडीच्या मुखाकडे येतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात याच माशाला ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० सेंटिमीटरहून मोठा असल्यास सोडून द्यावे असा नियम आहे. दोन्ही टोके राखण्याचा हेतू त्यात स्पष्ट दिसतो. महाराष्ट्र शासनानेही २०२३ साली ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. १ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांची बंदी यांत्रिक नौकांवर असते, काठावरचा गळ तिच्यात येत नाही; पण ज्या दिवसांत गावच्या होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि त्यांचे मालक मिळकतीवाचून बसलेले असतात, त्या दिवसांत शहरातून येऊन पिशव्या भरून नेणे कायद्याला मंजूर असले तरी काठाला मंजूर होत नाही. एखादा मासा न्यावा, बाकीचे ओल्या हाताने गळ काढून सोडावेत. सुरुंग आणि विष यांविषयी बोलण्याचेही कारण नाही. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून ते गुन्हे आहेत, आणि असे काही दिसल्यास मत्स्यव्यवसाय खात्यास किंवा पोलिसांस कळवावे.

राहिला प्रश्न मिळालेल्या माशाचा. हौशी माणसाने तो धक्क्यावर विकू नये. दोन-चार जिताडे आपल्या प्रवासखर्चाच्या हिशेबाने स्वस्तात काढून टाकले तर टोपली घेऊन बसलेल्या कोळणीचा त्या दिवसाचा भाव पडतो, आणि ती पुढच्या वेळी आपल्याला धक्क्यावर उभे करणार नाही. गरजेपेक्षा जास्त मिळाले असेल तर सुकतीभर शेजारी बसलेल्याला द्यावे, तेही अख्खे, आपल्याला नको असलेला शिंगाळा नव्हे. तो नको म्हणाला तर आग्रह करू नये. त्याने उलट चार चिंबोऱ्या देऊ केल्या तर मात्र संकोच न करता घ्याव्यात, फक्त त्यांच्या नांग्या नीट बांधलेल्या आहेत ना, एवढे पिशवीत घालण्यापूर्वी पाहून घ्यावे.